समासातल्या नोंदीविषयी, मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, घरी सर्व कुशल. पत्राचे कारण वेगळे आहे. काल बाई भेटल्या, आपल्या ताऱ्यांच्या पुस्तकाच्या लेखिका. त्यांच्या नव्या पुस्तकाचे प्रकाशन झाल्यावर स्वाक्षरीसाठी वाचकांची रांग लागली, मीही त्या रांगेत उभा राहिलो, आणि टेबलापाशी जे घडले ते तुझ्याखेरीज कुणाला सांगून कळणार नाही. फोन केला असता तर बाईंचे नाव ऐकताच तू विषय बदलला असतास, म्हणून लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच आणि मग हवे तेवढे रागाव.

नव्या पुस्तकाखाली मी त्या ताऱ्यांच्या पुस्तकाची आपली जुनी प्रत धरली होती. होय, ती अजून माझ्याकडेच आहे आणि माझ्याकडेच राहणार. तू तिच्यातला घडीचा नकाशा काढून घेतलास त्याच दिवशी तुझा हक्क संपला, असा दादाने निकाल दिला होता. रांगेच्या तोंडाशी एक मुलगी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देत होती. तिच्यावर आपले नाव सुवाच्य लिहून ती शीर्षकपानात खोचायची, म्हणजे नाव लिहिताना बाईंची चूक होऊ नये. स्वाक्षरी फक्त नव्या पुस्तकावर मिळेल, असेही ती प्रत्येकाला बजावत होती. नियम रास्त होता, कारण माणसे पुष्कळ होती आणि बाई आता थकल्या आहेत. त्यामुळे जुनी प्रत पुढे करण्याचा माझा विचार नव्हता. ती सोबत असावी एवढेच वाटत होते. बाईंना काय सांगायचे ते मात्र मी मनाशी घोकले होते: तुमच्या पुस्तकाने आम्हा दोघा मित्रांना ययाती तारकासमूहातला अल्गोल हा तेज बदलणारा तारा दाखवला आणि तेव्हापासून आमच्या रात्री बदलल्या.

त्यातले एक अक्षरही बोलायची वेळ आली नाही. नव्या पुस्तकावर सही करून, शाई वाळावी म्हणून ते उघडेच माझ्याकडे सरकवताना बाईंना खालची प्रत दिसली आणि त्यांनी हात पुढे केला. पुस्तक आपसूक अल्गोलच्याच पानावर उघडले. आपण ते दुसरीकडे उघडायचो तरी कधी? बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ नेले आणि समासातली तुझी पेन्सिलीची ओळ शब्द लावत वाचली: "ऱ्हो कसा धरता? तो स्वतःच बदलतो." तुझे अक्षर पहिल्या वाचनात लागणारी व्यक्ती मी प्रथमच पाहिली. मग त्यांनी विचारले, "हे कुणी लिहिले?"

त्या ओळीवरून आपण किती भांडलो होतो! अल्गोल एरवी २.१ दृश्यप्रतीचा (हा तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद), दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो ३.४ पर्यंत उतरतो आणि उतरून पुन्हा चढायला सुमारे दहा तास घेतो. उतरलेला असताना त्याच्याशी ताडून पाहायला शेजारचा ऱ्हो हा तारा सोयीचा, असे पुस्तकात छापले होते. तू म्हणालास की ऱ्हो स्वतःच ३.३ ते ४.० च्या दरम्यान हेलकावतो, आणि तो मंद असेल त्या रात्री अल्गोल आपल्याला उगीचच तेजस्वी भासेल. मापाची पट्टीच आखडत असेल तर कापड काय मोजणार, हे तुझेच शब्द. तू बाईंना चार पानी पत्र लिहिलेस आणि उत्तर आले नाही. मग तू रोज गुडरिकला मध्ये आणायचास: १७८३ साली अठरा वर्षांच्या कर्णबधिर मुलाने अल्गोलची नियमितता आणि तिचे संभाव्य कारण मांडले तर रॉयल सोसायटीने ते ऐकून घेतले, वर कॉप्ले पदक दिले, आणि इथे एका पत्राची पोचसुद्धा मिळत नाही! मी म्हणायचो की अल्गोलला झाकणारा अंधारा जोडीदार आहे हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फोगेलने वर्णपटावरून दाखवायला १८८९ साल उजाडले, तेव्हा तूही जरा धीर धर. तू धीर धरला नाहीस. ज्यांना चूक दाखवलेली चालत नाही त्यांनी आकाशाविषयी लिहू नये, असे म्हणून तू निरीक्षणांची वही बांधून माळ्यावर टाकलीस.

मित्रा, तुझे पत्र त्यांना पोहोचले होते.

बाई म्हणाल्या, "मला असे एक पत्र आले होते. खाली नुसते नाव होते, पत्ता पाकिटावर होता आणि पाकीट मी हरवले. मी ऱ्हो महिनोन्महिने पाहिला. पुढच्या आवृत्तीत तो काढला आणि डेल्टा आणि कापा घातले." म्हणजे ३.० आणि ३.८ चे तारे. अल्गोलचा तळ बरोबर त्यांच्या मध्ये येतो. आपल्याकडे पहिलीच आवृत्ती होती आणि दुसरी घ्यायचे आपल्याला कधी सुचले नाही, त्यामुळे इतकी वर्षे हे आपल्याला ठाऊकच नव्हते.

चिठ्ठ्यांची मुलगी दोनदा येऊन उभी राहिली, मागून कुणी घसा खाकरला, पण बाईंनी त्या ओळीवरचे बोट काढले नाही. अखेर त्यांनी पेन उचलून तुझ्या पेन्सिलीखाली शाईने "मान्य" असे लिहिले आणि सही केली. माझे नाव लिहिलेली चिठ्ठी नव्या पुस्तकात आहे. जुन्या प्रतीतली सही तुझी आहे. एवढ्या माणसांसमोर, एका अनोळखी वाचकाच्या पेन्सिलीला असा मान देणाऱ्या बाई आपण पोरवयात मानल्या होत्या त्याहून मोठ्या आहेत, असे मला अगदी मनापासून वाटते.

आता काळजी. बाई त्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढत आहेत, मुद्रिते तपासणे चालू आहे, आणि ऋणनिर्देशात त्यांना तुझे पूर्ण नाव घालायचे आहे. त्यांनी तुझा पत्ताही मागितला. मी म्हटले, मित्राला विचारून कळवतो. तो राग तुझा होता, तो सोडायचा की नाही हे परस्पर ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण रात्रभर मला झोप लागली नाही. तू नाही म्हणशील याची धास्ती आहेच. त्याहून जास्त टोचते ते हे की ज्याला आपण उपेक्षा समजलो ते एक हरवलेले पाकीट होते, आणि त्यापायी ती वही बंद पडली. तू म्हणशील, आता त्या गोष्टीत मन नाही. ते मला पटणार नाही. २०२० च्या फेब्रुवारीत काक्षी तारा मंदावला तेव्हा रात्री मला उठवून, तो मृगातल्याच बेलाट्रिक्सएवढा उरल्याचे कोण सांगत होते? जोडीदाराची गोष्ट सिद्ध झालेली गुडरिकला कळली नाही, तो एकविसाव्या वर्षीच गेला. तुझे म्हणणे खरे ठरलेले तुझ्या हयातीत, छापील रूपात तुझ्यासमोर येते आहे. ते नाकारू नकोस, एवढी माझी विनंती आहे.

वहिनींचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले ना? धाकटीच्या निकालाचे कळव. बदलीचा अर्ज पुढे सरकला की अजून साहेबांच्या टेबलावरच आहे? काकूंना माझा नमस्कार सांग.

मुद्रिते या महिनाअखेर छापायला जाणार आहेत. हो किंवा नाही, दोन ओळी तरी त्याआधी पाठव; आणि हो असेल तर नाव कसे छापायचे तेही लिही, वडिलांच्या नावासह की नुसते आडनाव लावून.

तुझा,
मित्र