‘सव्वीसची ट्यूब’ म्हणजे नेमकी कुठली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

3 जूनच्या जागतिक सायकल दिनाला आपण पुरवणीचं अख्खं पान सायकलला दिलंत. त्यात हृदय आलं, पर्यावरण आलं, पेट्रोलची बचत आली. पंक्चरचं मात्र अवाक्षर नव्हतं. मी पोस्टमन होतो. माण तालुक्यात 31 वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्याकडेला सराटे आणि वर्षभर बाभळीचे काटे, त्यामुळे हा विषय मला सोडवत नाही.

निमित्त झालं नातीचं. ती नववीत आहे आणि शाळा चार किलोमीटरवर. तिची सायकल जाड टायरची. मागच्या चाकाची ट्यूब वालापाशी फाटली. तिथं ठिगळ टिकत नाही, म्हणून जावयांनी तालुक्याच्या गावातल्या दुकानातून ‘सव्वीसची ट्यूब’ आणली. बसवली, तर चाक प्रत्येक फेऱ्याला थडथड करायचं, आणि नवव्या दिवशी हवा गेली. दुकानदार म्हणाला, रस्ता खराब. दुसरी आणली, तिचंही तेच. पोरगी तीन आठवडे चालत शाळेला गेली आणि हे मला कळलं श्रावणात, मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा.

ट्यूब बाहेर काढली तर एका जागी चुणी पडलेली आणि चुणीच्या कडेलाच चीर. तिच्यावर छापलेलं होतं 26 × 1 3/8. ही आपल्या जुन्या लेडीज सायकलची बारीक ट्यूब. नातीच्या टायरवर 26 × 1.95. दोन्ही सव्वीस इंचीच, पण रिम वेगवेगळ्या. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, मधे आडवी रेघ असलेला. नातीच्या टायरवर 50-559, लेडीज सायकलच्या टायरवर 37-590. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 590 आणि 559 यांत फरक 31 मिलिमीटरचा, म्हणजे घेरात जवळजवळ दहा सेंटिमीटर. तेवढी जादा ट्यूब टायरात जाणार कुठं? घडी पडते. शिवाय बारीक ट्यूब जाड टायरात फुगवली की तिचं रबर पातळ होतं. रस्त्याला कशाला बोल लावायचा?

इंचाच्या आकड्याची गंमत अशी की तो टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, तोही ढोबळ. आम्ही टपालाला वापरली ती 28 इंची उंच काळी सायकल, तिची रिम 635. हल्ली पोरं मिरवतात त्या ‘एकोणतीस’ची 622. म्हणजे अठ्ठावीस ही एकोणतीसपेक्षा मोठी! आणि साडेसत्तावीसची रिम 584, लेडीज सव्वीसपेक्षा लहान. असल्या हिशेबात दुकानदार फसला तर त्याला फार दोष देत नाही. पण ट्यूब देण्याआधी टायरवरचा आकडा विचारायला काय लागतं?

वालाचंही तसंच. आपला जुना, आत रबरी वालट्यूब असलेला वाल आणि मोटारसायकलसारखा जाड वाल, दोन्ही साधारण 8 मिलिमीटरच्या भोकात बसतात. महागड्या सायकलींचा सडपातळ वाल 6 च्या. त्या रिमेत जाड वाल जात नाही म्हणून ड्रिलनं भोक मोठं केलेलं मी पाहिलंय. तसं करू नये. आणि जुना वाल असेल तर ट्यूब बदलायच्या आधी वालाच्या तोंडावर थुंकी लावून बघावी. बुडबुडा आला तर बहुधा ट्यूब शाबूत आहे, उन्हानं आतलं वालट्यूब तेवढं चिरलंय.

बसवण्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण नव्वद टक्के घोळ तिथंच होतो असं मला वाटतं. एक, जुनी ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवावा. बोट फिरवलंत तर काटा बोटात. सराटा टायरमध्येच राहिला, तर नवी ट्यूब अर्ध्या तासाची धनी. भोक रिमच्या बाजूला असेल तर काटा शोधू नये, तारेचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय. दोन, नव्या ट्यूबला आकार येईल इतपत हवा भरूनच ती आत घालावी आणि टायरची कड वालाच्या समोरच्या बाजूनं चढवत आणून वालापाशी संपवावी. शेवटची वीत घट्ट लागते. तिथं लोक स्क्रू ड्रायव्हर घालतात आणि कोरी ट्यूब चिमटून फोडतात. आधी चढलेली कड रिमच्या मधल्या खळग्यात दाबत आणली की शेवट अंगठ्यानं चढतो. मग वाल एकदा आत ढकलून परत ओढावा, म्हणजे ट्यूब कडेखाली अडकत नाही.

हे सगळं मी नातीकडून करून घेतलं. पहिल्या खेपेला पाऊण तास लागला. मागचं चाक काढताना साखळीनं हात काळे झाले, त्यावर आजीची बोलणी मी खाल्ली.

माझी विनंती एवढीच. पुढच्या 3 जूनला त्या पानाच्या कोपऱ्यात 559, 584, 590, 622, 635 हे पाच आकडे आणि कुठल्या सायकलला कुठला, एवढं छापा. कात्रण दुकानात चिकटवता येईल. नातीनं तिचा आकडा मडगार्डच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहून ठेवलाय.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
दहिवडी, ता. माण, जि. सातारा