चित्र का तडकलं ते सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार तोंडावर मानायला गेलं की "ब्रश धुतलेत का?" असं विचारून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. इथे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

तडकलेलं तैलचित्र घेऊन हौशी माणूस कुणाकडे गेला, की त्याला ठरलेली उत्तरं मिळतात. कॅनव्हास हलका असेल. हात बसला नाही अजून. आधीच्या क्लासात तर वरून व्हार्निशचा हात मारा, भेगा दिसणार नाहीत, असाही सल्ला मिळाला होता. चमक हवी तर तेल ओता, हेही तिथलंच. फी घेताना मात्र कुणाला काही हलकं वाटलं नव्हतं.

तुम्ही चित्र खिडकीशी नेलंत आणि तिरक्या उजेडात धरलंत. भेगा रुंद, कडा गोलसर, तळाशी खालचा काळा रंग दिसतोय. अस्तरापर्यंत, म्हणजे रंगाआधी कापडावर दिलेल्या थरापर्यंत, उतरलेली एकही नाही. कापडाच्या ताणाने पडणारी भेग बारीक आणि धारदार असते, ती थेट अस्तरापर्यंत जाते. म्हणजे ही वाळतानाची भेग. खाली आयव्हरी ब्लॅक, जो मुळातच सावकाश वाळतो, आणि त्यात भरपूर जवसाचं तेल. वर टर्पेंटाइनने पातळ केलेला तपकिरी बर्न्ट अंबर, जो त्यातल्या मँगनीजमुळे भराभर वाळतो. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि सुरुवात वरून होते, दुधावर साय धरावी तशी. वरचा थर कडक झाला आणि खालचा अजून हलतोय, मग वरचा फाटणारच.

हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही चित्र पालथं केलंत आणि चौकटीच्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलंत: "खाली काळा, तेल फार. वर अंबर, तेल नाही. म्हणून." कापडावर नाही लिहिलंत, कारण मागून दाब पडला की पुढे वळ उठतो. बॉलपेनही नाही.

आभार खरं तर एवढ्याचेच मानायचे आहेत. दोष कुणाचा हे त्या ओळीत नव्हतं, दोष कशाचा एवढंच होतं. "तुमच्यात ते नाही" असं ऐकलेला माणूस ब्रश खाली ठेवतो. "खाली तेल फार झालं" हे ऐकलेला माणूस दुसरा कॅनव्हास चढवतो. शिकवणाऱ्याला दोन्ही वाक्यांना सारखाच वेळ लागतो, तरी दुसरं वाक्य म्हणणारे किती कमी भेटतात!

तेव्हापासून प्रत्येक चौकटीच्या मागे नोंद असते. पहिला थर: रंग आणि टर्पेंटाइन, पण इतकं टर्पेंटाइन नको की वाळल्यावर रंग बोटाला लागेल. मधला थर: एक भाग तेल, दोन भाग टर्पेंटाइन. शेवटचा: दोन्ही सारखे, आणि माध्यम, म्हणजे हे तेल-टर्पेंटाइनचं मिश्रण, कुठेच रंगाच्या पाचव्या भागाहून जास्त नाही. काळा भाग वाळून निस्तेज झाला, तर वरच्या रंगातलं तेल खालच्या थराने शोषलेलं असतं. तिथे निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन फडक्याने चोळायचं आणि लगेच पुसून घ्यायचं, तेही ज्या भागावर पुन्हा रंगवायचं आहे तिथेच. न पुसलेलं तेल पुढे पिवळं पडतं.

ट्यूबची पाठ वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. पुढच्या बाजूला नुसतं "व्हाइट" असतं, मागे रंगद्रव्याचा कोड असतो: पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक. तेलातला झिंक काही वर्षांत ठिसूळ होतो, त्यामुळे लवणाऱ्या कॅनव्हासवर त्याचा भरवसा नाही. पीआर ८३ म्हणजे अलिझरिन क्रिमझन, पांढऱ्यात मिसळलं की उजेडात उडणारं. इतकी वर्षं गुलाबी गाल का फिकटतात, हे त्या चार अक्षरांत होतं.

पुढे पुढे त्या नोंदींतलं तेल कमी झालं आणि डोळा वाढला. सगळ्यात गडद कुठे, सगळ्यात उजळ कुठे, कुठली कड विरघळवली. डोळे किलकिले करून पाहायचं, तपशील गेला की छायाप्रकाशाचे मोठे तुकडे उरतात. मिश्रण रंग कालवायच्या नाइफच्या टोकावर घेऊन वस्तूच्या शेजारी धरायचं आणि एक डोळा मिटायचा. रंग गडद की उजळ ते आधी ठरवायचं, लाल की पिवळा ते नंतर. नाइफवर आणि वस्तूवर उजेड सारखा पडला नाही, तर ही युक्ती हमखास फसवते. सावलीतली त्वचा पांढरा घालून उजळली तर ती पिठूळ दिसते, तिथे मातकट पिवळा ऑकर किंवा लाल लागतो.

आणखी एक. तुम्ही कधीच कुणाच्या हातातला ब्रश घेतला नाहीत. "आणा इकडे" म्हणत नाक दुरुस्त करून देणारे मास्तर पुष्कळ असतात. चित्र घरी जातं, पाहुणे वाहवा करतात, आणि नाक मास्तरांचं असतं. तुम्ही चेहऱ्यावर रंग साचला की वर्तमानपत्राचा कागद त्यावर दाबून हलकेच उचलायला सांगायचात. जास्तीचा रंग कागदावर येतो, खालचं रेखन राहतं. लंडनच्या स्लेड कलाशाळेतले हेन्री टॉन्क्स यांच्यावरून याला टॉन्किंग म्हणतात. कागद दाबणारा हात मात्र विद्यार्थ्याचाच असायचा. आणि सगळे गेल्यावर बोळा झालेल्या तेलकट चिंध्या एकेक उलगडून वाळत घालणाऱ्या तुम्ही. बोळ्यात उष्णता साठली की त्या आपोआप पेटतात. ते काम कुणाला दिसत नाही आणि तुम्ही ते कधी बोलूनही दाखवलं नाहीत. असली माणसं कमी आहेत, म्हणून हे लिहिलं.

सोबत एक चित्र पाठवते आहे. तुम्हालाच सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण जांभळ्या कापडाचा भाग जाड आहे. वर्ष होईपर्यंत व्हार्निश करू नका. आधी कडेला टर्पेंटाइनचा कापूस फिरवा, रंग लागला तर अजून थांबा. आणि कपाटात ठेवू नका, अंधारात तेल पिवळं पडतं. भिंतीवर जागा नसेल तर तुमचं ते मोठं निसर्गचित्र खाली उतरवा, त्याच्या आकाशात झिंक आहे.

तुमची,
मागच्या बाकावरची विद्यार्थिनी