तू कीबोर्डला हात लावला नाहीस

प्रिय ताई,

समोरासमोर आभार मानले असते तर तू ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलला असतास. म्हणून हे पत्र.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या धडधाकट लॅपटॉपमध्ये विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नव्हती. तेव्हा विंडोजऐवजी लिनक्स तूच सुचवलंस. त्यातलं मिंट टाकून झालं, वायफाय चालू झालं, मराठी टायपिंगही जमलं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही, ते सगळं सुरळीत झालं.

सांगायचंय ते त्या रात्रीचं. मला डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने पेनड्राइव्हवर आयएसओ, म्हणजे सिस्टम टाकायची फाइल, उतरवायची होती. लिनक्स प्रत्येक डिस्कला एक नाव देतं. पेनड्राइव्ह होता एसडीसी, मी टाइप केलं एसडीबी, म्हणजे फोटोंची डिस्क. डीडी काहीही विचारत नाही, सांगितलं तिथे लिहायला लागतं. पेनड्राइव्हचा दिवा बंदच होता आणि शेजारी फोटोंच्या डिस्कचा दिवा लुकलुकत होता. ते पाहिलं आणि पोटात गोळा आला. कंट्रोल-सी दाबेपर्यंत एक जीबीच्या वर लिहून झालं होतं. बारा वर्षांचे फोटो, आणि बॅकअप नाही.

फोनवर तू ओरडली नाहीस. ‘आधी ती डिस्क काढ. आता तिच्यावर एक बाइटही लिहायचा नाही,’ एवढंच म्हणालीस. दुसऱ्या दिवशी आलीस, शेजारी बसलीस, पण कीबोर्डला हात लावला नाहीस. प्रत्येक कमांडआधी जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारं एलएसबीएलके चालवायला लावलंस आणि प्रत्येक डिस्कचा आकार मोठ्याने वाचून घेतलास. पुसली गेली होती ती डिस्कची सुरुवात, म्हणजे पार्टिशनचा, डिस्कच्या भागांचा, तक्ता आणि फाइल सिस्टमचा आरंभ. पुढचा बहुतेक डेटा जागच्या जागी होता, फक्त कुठे काय आहे हे सांगणारं काही उरलं नव्हतं. जेपीईजी फाइल ठरावीक बाइट्सनी सुरू होते, फोटोरेक हा हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम त्याच खुणा शोधत डिस्कभर फिरतो, हे तू कागदावर चौकोन काढून समजावलंस. सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर ठेवायच्या, हेही तेव्हाच कळलं.

रात्रभर ते चाललं. सकाळी फोल्डरमध्ये हजारो फोटो होते, पण नावं गेलेली, नुसते आकडे. माझा चेहरा पाहून तू म्हणालीस, ‘तारीख फोटोच्या आतच असते.’ मग एक्झिफटूलने त्या तारखा वाचून नावं परत लावायला शिकवलंस. सुरुवातीच्या भागातले काही फोटो गेले ते गेलेच. त्याचं वाईट वाटतं, आणि वाटत राहील.

तू हे कितीतरी लवकर स्वतः उरकू शकली असतीस. मला शिकवण्यात अख्खी सुट्टी घालवलीस. माझी चूक तुझ्या हातून दुरुस्त झाली असती तर मला फोटो मिळाले असते, पण टर्मिनलची भीती कायम राहिली असती. महिन्याभराने परवानग्या बदलणारं सीएचमॉड ७७७ चुकून मूळ डिरेक्टरीवर, आतल्या सगळ्या फाइलींसकट, चालवलं आणि अ‍ॅडमिनचे अधिकार देणारं सुडो बंद पडलं, तेव्हा मी तुला फोन केला नाही. एरर शांतपणे वाचला. सुडोला ते अधिकार मिळवून देणारी खूण, सेटयूआयडी बिट, गेली होती. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच सिस्टम चालू करून, माझ्या फाइलींचं होम फोल्डर बाजूला काढून घेतलं आणि सिस्टम नव्याने टाकली. अर्ध्या दिवसाचं काम होतं. या वेळी बॅकअप होता, दोन ठिकाणी.

तू चौकोन काढलेला तो कागद लॅपटॉपच्या बॅगेतच आहे. घड्या पडल्यात, पण टाकवत नाही.

तुझा,
धाकटा भाऊ