त्या रात्रीच्या सिस्टरना
अपघातानंतर मला इमर्जन्सीत आणलं तेव्हा मी अर्धवट शुद्धीत होते. पेशंट बेशुद्ध असेल, जिवावर बेतलं असेल, तर डॉक्टर संमतीसाठी थांबत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण मला सगळं ऐकू येत होतं, हे पहिल्यांदा तुमच्याच लक्षात आलं. कपडे कापायच्या आधी तुम्ही पडदा ओढलात, अंगावर चादर टाकलीत आणि कानाशी वाकून विचारलंत, "ताई, बाही कापते, चालेल ना?" मी नुसती मान हलवली. केवढा धीर आला! बाहेर ऑफिसमधली मंडळी चौकशी करत होती. "त्यांना विचारल्याशिवाय काही सांगता येणार नाही," एवढंच तुम्ही म्हणालात. हात आता बरा आहे. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, सिस्टर. मनापासून आभार.