डर्स्लेची झोळी

ब्रिस्टल,
१४ सप्टेंबर

प्रिय बापू,

तुमच्या मळ्यातल्या इंजिनघरातली ती पितळी पाटी आठवते का रे? आबा हँडल मारून इंजिन सुरू करायचे आणि आपण दोघं पाटीवरची इंग्रजी अक्षरं जुळवत बसायचो. वर लिस्टर, खाली डर्स्ले, इंग्लंड. तू ‘डुर्सली’ म्हणायचास, मी ‘दरसले’, आणि दोघांनाही वाटायचं की हे लंडनएवढं शहर असणार. गड्या, ते गाव माझ्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. आपल्या तासगावापेक्षा पुष्कळ लहान. मधोमध १७३८ सालची बाजाराची इमारत, तिच्याखाली कमानींचा मोकळा ओटा. जवळच स्टिंचकोंबची टेकडी. तिथं उभं राहिलं की लांबवर सेव्हर्न नदी चमकताना दिसते.

गेल्या चौदा महिन्यांतले माझे सगळे रविवार त्या गावाच्या नादात गेले. फोनवर मी ‘सायकल बनवतोय’ एवढंच सांगायचो आणि बोलणं द्राक्षांवर जायचं. आज सगळं लिहितो. सायकल पूर्ण झाली आहे, पण एक गोष्ट अडली आहे, आणि ती तुझ्याच घरात सुटेल.

मिकाएल पेडरसन नावाचा एक डॅनिश माणूस होता. जन्म १८५५ चा. दुधातून साय वेगळी काढायचं एक यंत्र त्यानं शोधलं. ते डर्स्लेच्या लिस्टर कंपनीनं बनवायला घेतलं आणि १८९३ मध्ये पेडरसन डर्स्लेला राहायलाच आला. (आपल्या विहिरीवरची इंजिनं फार पुढची. तेव्हा लिस्टरकडं शेतीची आणि दुधाची यंत्रं व्हायची.) त्याला सायकलवर लांब लांब जायची आवड होती आणि त्या काळच्या कडक सीटनं तो बेजार झाला होता. म्हणून त्यानं दोऱ्या विणून एक झोळी केली. साधी सीट दीड किलोच्या आसपास भरायची, याची झोळी शंभर-सव्वाशे ग्रॅम.

पण झोळी बांधायला पुढं एक आणि मागं एक अशी दोन टोकं लागतात, आणि सायकलला सीटखाली असतो एकच दांडा. ती कुठल्याच सायकलवर बसेना. दुसरा कोणी असता तर झोळी बाजूला ठेवली असती. यानं झोळीसाठी नवी सायकल रचली, बाज चांगली झाली म्हणून तिच्या मापानं घर बांधावं तशी! पहिली तर लाकडाची केली होती.

पेडरसनच्या सायकलला आडवा दांडा नाही आणि उभा दांडाही नाही. बोटाएवढ्या बारीक नळ्यांच्या जोड्या, आणि त्यांचे एकातून एक निघालेले त्रिकोण. रेल्वेच्या लोखंडी पुलाला असतात तसे, आणि कल्पनाही त्याला तशा पुलांवरूनच सुचली. पुढचं चाक धरणारा चिमटासुद्धा त्रिकोणांचाच. पुढं चिमट्याच्या वर एक उंच टोक, मागं दुसरं, आणि मधे अधांतरी ती झोळी. सीट वर-खाली करायची जवळजवळ सोयच नाही. त्यामुळं तो आठ वेगवेगळ्या मापांत सायकली विकायचा. सदऱ्यासारखं माप घ्यायचं आणि आपल्या मापाची सायकल न्यायची. मला हे फार आवडलं.

मूळ सायकल मी पहिल्यांदा डर्स्लेतल्याच एका वयस्क गृहस्थांच्या पडवीत पाहिली. त्यांनी ती विकायला साफ नकार दिला, पण मापं घ्यायला दिवसभर मोकळी सोडली. भिंतीला टेकवून मागं मोठा कागद लावला आणि प्रत्येक नळीची रेघ ओढली. संध्याकाळी कागद उलगडून पाहिला तर कोळ्याच्या जाळ्यासारखं चित्र. तो कागद प्लायवूडवर चिकटवला, प्रत्येक सांध्याला लाकडी ठोकळे ठोकले. तोच माझा जिग, म्हणजे नळ्या जागच्या जागी धरून ठेवणारा साचा.

नळ्या घेतल्या १४ मिलिमीटरच्या, क्रोमोली पोलादाच्या. प्रत्येक नळीचं टोक दुसरीच्या गोलाईवर बसेल असं कानशीनं घासायचं. एका टोकाला पाऊण तास. मग टाकणखार लावून, ज्योत फिरवून पितळ वितळवायचं आणि ते सांध्यात आपसूक शिरताना बघायचं. आपल्या पेठेतला सोनार डाग द्यायचा ना, तोच प्रकार, फक्त मोठा. वेल्डिंग मुद्दाम केलं नाही. इतक्या पातळ नळीला वेल्डिंगचा ताव जास्त झाला तर जोडाशेजारीच ती कमजोर होते.

मार्चमध्ये पहिली फ्रेम जिगमधून काढली आणि बघतो तर मागचं चाक एका बाजूला झुकलेलं. चार मिलिमीटरचा फरक. चूक माझ्या घाईची होती. डाव्या बाजूचे सगळे जोड एका दमात केले आणि मग उजवीकडं वळलो. तापलेली बाजू गार होताना आखडली आणि सगळ्यांना घेऊन वाकली. साध्या सायकलची फ्रेम थोडी वाकवून सरळ करता येते. इथं एक नळी ओढली की सहा त्रिकोण कुरकुरतात. पाच नळ्या कापून काढल्या. त्या रात्री जेवण गेलं नाही, खरं सांगतो. दुसऱ्या खेपेला प्रत्येक सांध्यावर आधी पितळेचा एक थेंब, डावा-उजवा, डावा-उजवा, आणि मग समोरासमोरचे जोड पूर्ण. आता दोरी लावून बघितलं तर दोन्ही चाकं एका रेषेत.

गियर मात्र नव्या बनावटीचा घातला, तीन वेगांचा, मागच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात बसणारा. पेडरसननं स्वतःचा तीन वेगांचा हबही शोधला होता, पण त्या हबनं गिऱ्हाइकांना त्रास दिला आणि पेडरसनलाही. पुढं सायकलचा धंदा लिस्टरच्या हातात गेला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या सायकली बनायच्या थांबल्या. पेडरसन हलाखीत डेन्मार्कला परतला आणि १९२९ मध्ये तिकडंच वारला. १९९५ मध्ये डर्स्लेच्या लोकांनी त्याचे अवशेष आणून आपल्या गावात पुरले. सहासष्ट वर्षांनी, बापू! आणि त्याच्याही आधी, १९७८ मध्ये, कोपनहेगनच्या क्रिस्टियानिया वस्तीत येस्पर सोलिंग नावाच्या लोहारानं ही सायकल पुन्हा घडवायला घेतली होती. तसल्या सायकली आजही बनतात, विकत मिळतात. मला विकतची नको होती. त्या पडवीतली, तिच्याच मापांची, हवी होती.

आता अडलं कुठं ते ऐक. झोळी मी स्वतः विणली. पुढं चामड्याच्या पट्ट्यानं टोकाला बांधली, मागं स्प्रिंगा. बसलो आणि निघालो. पहिल्या मैलात वाटलं की सायकल आपल्याला हळूच डावी-उजवीकडं झुलवतेय, कारण प्रत्येक पायडलबरोबर झोळी पायाच्या बाजूला सरकते. दुसऱ्या मैलात शरीराला ते उमगलं. पाठ ताठ, हात मोकळे, आणि खड्डा आला तरी मणक्यापर्यंत काही पोचत नाही. मला लहानपणीचा पाळणा आठवला असं लिहिणार होतो, पण आठवली ती तुमच्या सोप्यातली बाज.

आठ दिवसांत मात्र झोळी मधोमध खाली आली. मी पट्टा ताणला, ती पुन्हा उतरली. अजून ताणला, तर पुढच्या टोकाजवळच्या नळ्या दिसेल इतक्या वाकायला लागल्या. कागदावर हिशेब केला. दोरी जितकी सपाट ताणायची, तितकी तिच्यातली ओढ वाढते. झोल अगदी थोडा ठेवला तर सत्तर किलोच्या माणसाची ओढ दीडदोनशे किलोच्याही वर जाते. म्हणजे सायकलचा सगळा जीव झोलाच्या दोन-तीन बोटांवर ठरतो. आणि माझी वीण एकसारखी नाही. काही दोऱ्या सगळा भार घेतात, बाकीच्या नुसत्या पडून राहतात.

आबा बाज विणायचे तेव्हा आपण वाखाच्या दोरीचा गुंडा धरायला असायचो. त्यांची बाज वर्षभर एकसारखी राहायची, आणि सैल झालीच तर पायथ्याची वेगळी दोरी ओढली की दहा मिनिटांत पुन्हा टणक. पेडरसनचा पुढचा पट्टा म्हणजे तीच दोरी, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पण ते विणताना काय करायचे ते मी बघितलंच नाही. माझं लक्ष गुंड्याकडं. तुला आठवत असेल तर लिही: दोरी आधी भिजवायचे का? प्रत्येक फेरीला पायानं दाबून ताण बघायचे, की शेवटी एकदाच? आणि मधल्या दोऱ्या कडेच्यांपेक्षा मुद्दाम सैल ठेवायचे का?

नाहीतर असं कर. आबांना रविवारी सकाळी सोप्यात बसव, समोर एखादी उसवलेली बाज ठेव, आणि त्यांच्या हातांवर फोन धर. चेहऱ्यावर नको, हातांवर. डोळ्यांनी दिसत नसलं तरी बोटांना आठवत असेल. मी इथून काही बोलणार नाही, नुसता बघत बसेन. त्यांना सांग, इंजिनाच्या गावातली सायकल आहे. त्यांनी हँडल मारताना आपल्याला लांब उभं राहायला सांगितलं होतं तसंच हेही त्यांच्याच पद्धतीनं होऊ दे.

आणि वाखाची दोरी अजून बाजारात मिळत असेल तर दोन गुंडे पाठव, बारीक पिळाची. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा. आबांच्या पाया पडतो.

तुझा
शिऱ्या