पेटी पाठवतोय

देवगड,
३ मे

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘यंदा पेटी पाठवू नकोस, मला साखर निघालीये, आंबा बंद झालाय,’ आणि लगेच पावसाचा विषय काढलास. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मला साखर निघाली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा एका दवाखान्यात माझ्याही हातात छापील कागद ठेवला होता. आंबा, केळं, चिकू, द्राक्षं, सगळ्यावर काट. दोन वर्षं मी फळाला शिवलो नाही. भात मात्र दोन्ही वेळा पोटभर आणि चहाबरोबर टोस्ट, कारण तो काही गोड नसतो ना! तीन महिन्यांची सरासरी साखर, ती HbA1c म्हणतात ती, ८.४ वरून हलली नाही.

मग घरी ग्लुकोमीटर आणला. एका रविवारी आमरस-पुरी झाली. मोठी वाटी रस, त्यात आपल्याकडच्या रीतीने साखर, पाच पुऱ्या, वर भात. जेवणाआधी १२१ होती, पहिल्या घासापासून दोन तासांनी २४८. पुढच्या आठवड्यात अर्धाच हापूस घेतला, दुपारी चारला, फोडी करून, आधी मूठभर शेंगदाणे खाऊन. आधी ११८, नंतर १४९. माझा विश्वास बसेना. दुसरं बोट टोचलं, नवी पट्टी लावली. १५२. ओटीवर बसलो होतो, हाताला अजून आंब्याचा वास होता, आणि विनू, मला रडू आलं.

अर्ध्या हापूसमध्ये साधारण बारा-तेरा ग्रॅम कर्बोदकं असतात, वाटीभर भातात चाळीसच्या घरात. म्हणजे आंब्यावर राग काढून आपण भाताला सोडून देतो. जेवणावर फळ नको, मधल्या वेळेला खा. जेवणातच हवं असेल तर तेवढा भात कमी कर. आणि रस नाही, मोसंबीचासुद्धा नाही. एका पेल्यात तीन-चार फळं जातात, चोथा गाळला जातो आणि साखर झपाट्याने चढते. पेरू सालासकट खा, जांभळं खा, पपई खा. सीताफळ आणि चिकू यांच्याशी जपून. केळं हवं तर एखादं वेलची, तेही फार पिकलेलं नको. खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं चाल, गच्चीवर चाललास तरी पुरे.

वहिनी जांभळाच्या बियांची पूड देतात म्हणालास. देऊ देत, पण तिच्या भरवशावर गोळी सोडू नकोस, हे हात जोडून सांगतो. तुझ्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे. जेवण चुकलं तर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले तर लगेच तपास. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना फळांचं स्पष्ट विचार, किडनीचा रिपोर्ट दाखवूनच. माझा आकडा तुझा नव्हे, तुझं शरीर काय म्हणतं ते तुझ्याच थेंबात कळेल. मला डॉक्टरांनी दोन तासांनंतरची १८० च्या आत ठेवायला सांगितली आहे.

पेटी मी पाठवतोच आहे, पण यंदा एकच डझन. विहिरीकडच्या कलमाचे आहेत, तुझ्या आईने लावलेल्या. अजून कच्चे आहेत, गवतात घालून ठेव, रोज एकदा हात फिरव. दोन पिकले की एक शेजारी दे, एकातला अर्धा तू घे आणि अर्धा वहिनींना दे. आधीचा आणि दोन तासांनंतरचा, दोन्ही आकडे मला त्याच दिवशी कळव. रात्र झाली तरी चालेल, मी जागा असतो.

तुझाच,
दिगू