गल्लीतल्या झेरॉक्सवाल्या दादाला

प्रिय दादा,

तोंडावर आभार मानायला गेलं की तू "असू दे की काकू" म्हणतोस आणि मशीनकडं वळतोस. म्हणून सगळ्यांसमोर लिहून टाकते. नाव घालत नाही, तुला आवडायचं नाही. मंगळवार पेठेतल्या आपल्या गल्लीला कळायचं ते कळेलच.

वर्षानुवर्षं मी तुझ्याकडं एकच काम घेऊन यायचे. ब्लाउजच्या मागच्या गळ्याचं अर्धं डिझाइन पेन्सिलीनं काढलेलं, त्याची झेरॉक्स. घरी जाऊन ती खिडकीच्या काचेवर उलटी धरायची, दुसरी बाजू गिरवायची, मग बटर पेपरवर उतरवून सुईनं टोचत खाका करायचा. आरी, म्हणजे भरतकामाची आकड्याची सुई, हातात घ्यायच्या आधीच अर्धा दिवस संपलेला असायचा. एकदा एकाच मोराचे तीन मापांतले तीन कागद बघून तू विचारलंस, "काकू, हा मोर आजवर किती वेळा काढलाय?" मी उत्तर दिलं नाही. हिशेब लावायची लाज वाटली.

ग्राफिक्स टॅब्लेट, म्हणजे पेनानं वर काढलेलं कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटवणारी पाटी, हा शब्द पहिल्यांदा तुझ्याच तोंडून ऐकला. साडेतीन हजार मोजून आणला. विकणाऱ्यानं खोकं पुढं सरकवलं, बाकी एक अक्षर सांगितलं नाही. घरी लेकाच्या जुन्या लॅपटॉपला जोडला, त्या काळ्या पाटीवर पेन फिरवला, काहीच उमटेना. सासूबाई म्हणाल्या, "साडेतीन हजाराची कोरी पाटी आणलीस व्हय गं?" माल खराब निघाला म्हणून तणतणत मी तुझ्या दुकानात आले. तू पाटी लावलीस आणि एवढंच म्हणालास, "खाली बघायचंच नाही. समोर बघा."

पेनात सेल कुठं घालायचा हेही मी विचारलं होतं. तू हसला नाहीस. पाटीच्या पोटात तारांचं जाळं असतं, त्यातून चुंबकीय लहरी निघतात, पेनातली बारीकशी कॉइल त्यावरच जागी होते आणि उलट निरोप धाडते. टोक दाबलं की तो निरोप बदलतो, म्हणून दाब कळतो, असं तू समजावलंस. खोक्यावर दाबाच्या 8192 पायऱ्या लिहिल्यात. माझ्या हाताला त्यातल्या पाच-सहा कळत असतील, पण तेवढ्यात पाकळीची कड जाड आणि टोक बारीक होतं, मला अजून काय पाहिजे?

मग ते अंडं. मी गोल काढायची आणि समोर अंडं दिसायचं. तीन दिवस मला वाटलं, हातच बिघडला. वीस वर्षं बांगडी न ठेवता गोल काढणारी बाई मी, रडायचीच बाकी होते. तू ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपमधला पाटी चालवणारा प्रोग्राम, उघडून दाखवलंस: पाटी सहा बाय चार इंचांची, लॅपटॉपचा पडदा तिच्या मानानं जास्त लांबट. चौकोनाचं प्रमाण जुळलं नाही की गोल ताणला जाणारच. एका खुणेवर टिचकी मारली आणि अंड्याची बांगडी झाली. क्रिटा या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये दाब लागेना, रेघ सगळीकडं सारखी येई, तेव्हाही तसंच. ड्रायव्हरमध्ये विंडोज इंक, म्हणजे विंडोजची पेन ओळखायची पद्धत, चालू आणि क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये दुसरंच काहीतरी निवडलेलं. दोन्ही एकसारखं केलं, प्रोग्राम बंद करून उघडला, झालं. क्रिटा फुकट मिळतो हेही तूच सांगितलंस, नाहीतर मी आणखी कुठंतरी पैसे घालून बसले असते.

पण खरे आभार याचे नाहीत. दुपारी दोन ते चार, दुकानात गिऱ्हाईक नसताना तू मला स्टूल दिलंस आणि त्या सगळ्या दिवसांत एकदाही माझ्या हातातला पेन काढून घेतला नाहीस. शिकवताना लेक पहिल्या मिनिटाला माउस ओढून घेतो. तू हाताची घडी घालून उभा. दोन ठिपके द्या, जोडा. परत द्या, जोडा. मनगटानं नाही, खांद्यातून हात फिरवा. पाटी तिरकी ठेवू नका, पडद्याच्या समोर सरळ ठेवा. मी चुकले की रेघ मागे घ्यायला तू तोंडानं "कंट्रोल झेड" म्हणायचास, बटण मात्र मलाच दाबायला लावायचास. दहाव्या-बाराव्या दिवशी डोळा वर आणि हात खाली असं चालायला लागलं. कधी जमलं ते मलाही नाही कळलं.

लेयर तर मला शिकवावेच लागले नाहीत. ते बटर पेपरच, एकावर एक ठेवलेले. आरशाचं टूल दाखवलंस तेव्हा मात्र मी खरंच गप्प झाले. डावीकडं वेल काढते आणि उजवीकडं आपोआप उमटतेय. खिडकीच्या काचेवर घातलेल्या सगळ्या दुपारी आठवल्या.

त्याच टूलनं पुढं फजितीही केली. एका नवरीला मागच्या गळ्यावर कोल्हापुरी साज हवा होता. मी ऐटीत आरसा लावून अर्धा साज काढला, पुरा झाला. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. "दोन्हीकडं शंख? दोन्हीकडं कासव? असला साज कुठं असतोय?" बरोबर होतं त्यांचं. साजाच्या 21 पानड्या, हरेक वेगळी. मग मण्यांची सर तेवढी आरशात ठेवली, आरसा बंद केला, आणि पानड्या वेगळ्या लेयरवर एकेक हातानं काढल्या. भुंग्याच्या पानडीला पूर्ण एक दुपार गेली.

ती प्रिंट काढतानाही तूच वाचवलंस. मी घरच्या प्रिंटरवर काढलेला गळा दहा इंचांचा हवा तर जवळजवळ अर्ध्या इंचानं आखूड. कागदावर मावावं म्हणून प्रिंटरनं परस्पर लहान केला होता. "फिट नको, शंभर टक्के टाका," म्हणालास. कापडावर टोचल्यावर कळलं असतं तर नवरीच्या आईसमोर काय तोंड दाखवलं असतं!

आमच्यातल्या एकीनं मला ऐकवलं, हे मशीनचं काम, हातातली कला गेली. या कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवून बसले, 1920 साली 'सैरंध्री' काढली, तेव्हाही कुणीतरी असंच म्हणालं असेल. आरी अजून माझ्याच हातात आहे, टाका मीच घालते. वाचलेल्या अर्ध्या दिवसात मी आता स्वतःची नवी डिझाइनं काढते, गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधली नाही.

पेनचं टोक घासून तिरकं झालंय, खोक्यातली जादाची टोकं कशी बदलायची ते विचारायला उद्या दुपारी येते. साजाची फाइल पेनड्राइव्हवर आणते. दोन प्रिंट काढ, शंभर टक्क्यांवर. आणि या वेळी पैसे घ्यायचेस, नाहीतर मी प्रिंट तिथंच ठेवून जाईन.

तुझी,
साजवाली काकू
मंगळवार पेठ, कोल्हापूर